'डेथ'च्या टेप कोणी जपल्या?

कृष्णवर्णीयांचे संगीत म्हणजे ब्लूज, जाझ, सोल, रॅप. रॉक मात्र गोऱ्या पोरांचे, असे आम्हीही वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. समाजशास्त्रात एम.ए. करूनही! रॉकचा पाया घालणाऱ्यांत चक बेरी होता, हे माहीत असूनही! आमचा हा समज मोडला तो डेट्रॉईटच्या तीन भावांनी.

डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी हॅकनी. १९७१ मध्ये या किशोरवयीन कृष्णवर्णीय भावांनी घरातल्या झोपायच्या खोलीत वाजवायला सुरुवात केली, मग गॅरेजमध्ये. शहर मोटाउनचे, सोल संगीताचे. हे मात्र कर्कश, वेगवान रॉक वाजवत. वडील अपघातात गेले, तेव्हा डेव्हिडने बँडला नाव दिले 'डेथ'. मृत्यूला भ्यायचे नाही, त्याला नवा अर्थ द्यायचा, हा त्याचा विचार.

१९७५ मध्ये त्यांनी सात गाणी ध्वनिमुद्रित केली. संगीत उद्योगातले बडे प्रस्थ क्लाइव्ह डेव्हिस यांना ती आवडली. अट एकच : नाव बदला. डेव्हिडने नकार दिला आणि पाठिंबा संपला. १९७६ मध्ये भावांनी स्वतःच दोन गाण्यांच्या ५०० तबकड्या काढल्या. १९७७ मध्ये बँड संपला.

आज कौतुकाने म्हटले जाते, 'ही मुले काळाच्या पुढे होती.' आम्हाला हे मान्य नाही. १९७६ मध्येच न्यूयॉर्कच्या 'रामोन्स' या गोऱ्या मुलांचा तसाच वेगवान, कर्कश अल्बम निघाला. म्हणजे काळ तयार होता. मग नावामुळे अडले का? डेव्हिस यांच्याच अरिस्टा कंपनीने १९७७ मध्ये 'ग्रेटफुल डेड'चा अल्बम काढला. तो बँड आधीच नावाजलेला होता, हे खरे. पण गोऱ्यांच्या नावातला 'डेड' खपतो, हे बाजाराला ठाऊक होते. काळ्या पोरांच्या 'डेथ'वर पैसा लावायला कोणी पुढे आले नाही.

डेव्हिड २००० मध्ये कर्करोगाने गेला. जाण्यापूर्वी त्याने मूळ टेप बॉबीच्या हवाली केल्या. जग एक दिवस त्या शोधत येईल, असा त्याचा विश्वास होता. २००९ मध्ये 'ड्रॅग सिटी'ने ती सात गाणी प्रसिद्ध केली आणि इतिहासाला दुरुस्ती करावी लागली.

मित्रांनो, बॉबीने त्या टेप फेकल्या असत्या तर? हा प्रश्न आम्हाला झोंबतो. आमच्या चुलत्यांची गायन पार्टी होती. जयंतीला रात्र-रात्र गात. घराची डागडुजी करताना त्यांच्या कॅसेट भंगारात गेल्या. पोते आम्हीच उचलून दिले होते. आज तो आवाज कुणाकडेच नाही. ते आमच्यापासून कोणी हिरावले नव्हते. आम्हीच टाकले.

आपली नोंद दुसरे ठेवत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण आपल्या घरातली टेप जपणे कुणाच्या हातात आहे? या रविवारी माळा उघडा. कॅसेट, वह्या, पत्रके खाली काढा. जुन्या गायकांना बोलते करा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा.

जयभीम!