काहीच नाही म्हणणारं बीड

बीडला पहिल्यांदा आलात की स्टँडवर कुणालाही विचारा, बघण्यासारखं काय आहे? उत्तर ठरलेलं. "इथं काय बघायलाव? वेरूळला जा, नाहीतर तुळजापूरला." या नम्रपणावर भाळू नका. तुम्ही नुसतं "हो ना, खरंच काही नाही" असं म्हणून बघा. समोरचा माणूस कप खाली ठेवेल, रिक्षावाल्याला हाक मारेल आणि दिवस मावळेपर्यंत तुम्हाला सोडणार नाही. स्वतःला नावं ठेवण्याचा हक्क बीडनं स्वतःकडे राखून ठेवलेला आहे. पाहुण्यानं तो वापरला की बिनसलंच.

दुसरी खोड म्हणजे चांगलं ते आत दडवून ठेवायचं. कंकालेश्वराचंच घ्या. इतर गावं आपला महादेव उंचावर, लांबून दिसेल असा बसवतात. बीडनं त्याला कुंडाच्या मधोमध, पाण्यात बसवलाय. काळ्या दगडाचं, अंगभर कोरीव काम असलेलं देऊळ. ते यादवांच्या काळातलं की त्याआधीच्या चालुक्यांच्या, यावर जाणकार वाद घालतात. बीड त्यात पडत नाही. महाशिवरात्रीला जत्रा भरवतं आणि एरवी रस्त्यावर साधी पाटी लावायचाही आळस करतं.

खंडोबाचं देऊळ मात्र टेकडीवर आहे आणि त्याच्या दोन उंच दीपमाळा झाकून झाकल्या जात नाहीत. ते अठराव्या शतकात सुलतानजी निंबाळकरांनी बांधलं असं सांगतात. नाव सुलतानजी, आडनाव निंबाळकर, चाकरी निजामाची आणि देव खंडोबा! बीडला यात नवल वाटत नाही. शहेनशहावलीच्या दर्ग्याचा उरूस आणि खंडोबाची यळकोट, दोन्हीला तेच रेवडीवाले आणि तेच पाळणेवाले असतात.

पण लपवाछपवीत कडी केली ती दाढेनं. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलक या भागातून जात असताना त्याची दाढ दुखायला लागली. ती काढली आणि मोठ्या इतमामानं पुरून तिच्यावर घुमट बांधला, असं फरिश्ता लिहितो. करजणीजवळच्या माळावर तो घुमट आजही दाखवतात. ज्या सुलतानानं अख्खी दिल्ली दौलताबादला हलवली आणि पुन्हा माघारी नेली, त्याची कायमची वस्ती म्हणावी अशी इकडं राहिली ती एवढीच. दुसऱ्या एखाद्या गावानं तिथं तिकीट लावलं असतं. बीडमध्ये निम्म्या लोकांना हा घुमट माहीत नाही आणि उरलेल्या निम्म्यांचा त्यावर विश्वास नाही.

तरी दाढ शाबूत असलेली बरी, कारण इथं खावं लागतं. सकाळी सुशीला मागा. चुरमुरे पाण्यातून काढायचे, मुठीत दाबून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे आणि वरून डाळव्याचं पीठ आणि दाण्याचा कूट भुरभुरायचा. सगळी करामत त्या पिळण्यात. चुरमुरा पाण्यात क्षणभर जास्त राहिला तर लगदा होतो, कमी राहिला तर घशात टोचतो. पुण्याचा पाहुणा त्याला पोहे समजून लिंबू मागतो. बीड लिंबू देतं, पण त्या पाहुण्याबद्दलचं मत तिथंच कायम करून टाकतं.

संध्याकाळी बलभीम चौक, कारंजा, बशीरगंज अशी पायी फेरी मारावी. गाडी नेऊ नका. या गल्ल्या बैलगाडीच्या बेतानं आखलेल्या आहेत आणि त्यांना अजून कुणी बदल कळवलेला नाही. 1948 पर्यंत हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं जिल्ह्याचं गाव. त्यामुळे भाव विचारायचा मराठीत, घासाघीस दखनीत आणि चिडायचं झालं तर जी आधी तोंडात येईल तीत. रमजानमध्ये हाच भाग रात्री जागा होतो. तळणीचा वास, फेण्यांचे ढीग, आणि गर्दीत रोजा नसलेल्यांचीच संख्या जास्त. बीडमधल्या लग्नसराईत तर एका मांडवात येसराची आमटी असते आणि दुसऱ्यात दालचा. येसर म्हणजे धान्य-डाळी भाजून, मसाल्यासकट दळलेलं पीठ. ते लावलं की आमटीला असा दाटपणा येतो की भातानं आपली जागा सोडूच नये. दोन्ही मांडवांची आमंत्रणं ज्याला आहेत तो बीडमधला खरा प्रतिष्ठित माणूस. तो दोन्हीकडे जेवतो.

बीडची खरी तिजोरी मात्र गावाबाहेर, बार्शी नाक्यावरून आमच्या पालीकडे येताना लागते. हायवेवरून सुसाट जाणाऱ्यांना ती दिसतही नाही. खजाना विहीर. 1582 च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या अमदानीत, सलाबतखानानं ती बांधून घेतली. आखणी राजा भास्कर या कारागिराची. गोल, रुंद, आतून दगडानं बांधलेली. काठावरून वाकलं की खाली भुयारांची तोंडं दिसतात. भुयारी पाटांनी पाणी आत येतं आणि दुसऱ्या भुयारानं शेतांकडे निघून जातं. मोट नाही, पंप नाही, विजेचं बिल नाही. सगळा खेळ जमिनीच्या उताराचा. ज्या जिल्ह्यात बोअर पाचशे-सातशे फूट खाली जाऊन धूळ वर आणतात, तिथं चारशे वर्षांपूर्वीच्या माणसानं उतार मोजून बलगुजारच्या रानात पाणी पोचवलं. विहीर कधी आटली नाही, हे सांगताना बीडकराची छाती फुगते. आणि तिच्यात बाटल्या कुणी टाकल्या, असं विचारलं की तीच छाती लगेच खाली बसते.

पाली म्हणजे बीडचं धाकटं भावंड. थोरल्याला वाटतं आपण शहर, पण त्याच्या नदीची दोरी धाकट्याच्या हातात आहे. बिंदुसरेचं धरण पालीला. एरवी बीडमध्ये बिंदुसरा इतकी मुकाट वाहते की तिच्या पात्रात बाजार भरावा. पण 1989 च्या जुलैत ती एकदा चिडली आणि तिनं काठची वस्ती धुऊन नेली. ते ज्यांनी पाहिलं ते अजून पावसाच्या रात्री तिच्याबद्दल जरा अदबीनं बोलतात. धरण भरून सांडव्यावरून पाणी पडू लागलं की मात्र सगळं बीड दुचाक्यांवर बसून पालीला येतं. भाजलेली कणसं, कांदाभजी, फोटो. पाणी बघायला आलेला माणूस पाण्याकडे पाठ करून उभा, कारण मोबाइल समोर धरलेला.

पुढं घाट चढला की मांजरसुंबा, आणि तिथून आत वळलं की कपिलधार. मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी कोसळणारा धबधबा. कार्तिकी पौर्णिमेला दिंड्या येतात. बालाघाटाच्या या डोंगरांत सीताफळं आपलीआपण येतात, आणि ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बाया बसतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाटीवालीला त्याचं काही नाही. ती फळ दाबून बघू देत नाही. "मावशी, आजच खायचंय" म्हटलं तर ती स्वतः निवडून देते, "उद्या खायचंय" म्हटलं तर दुसरं देते, आणि तिच्या मनाविरुद्ध उचललेलं फळ हमखास आतून दगड निघतं.

एक हट्ट बीडनं वर्षानुवर्षं धरला होता, रेल्वेचा. आंदोलनं झाली, अर्ज झाले, प्रत्येक निवडणुकीत ती भाषणांतून धावली. म्हातारी माणसं रूळ बघण्याआधी गेली. शेवटी 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरची गाडी सुटली. गुलाल उधळला, इंजिनाला हार पडले, लोक गावोगाव रुळाशेजारी उभे राहिले. थोड्याच दिवसांत स्टँडवरच्या चहावाल्यापाशी जुना सूर लागला. "रेल्वे आली म्हणं." "आली की. पण एसटी तिच्या आधी पोचती."