मोरीमागचा सोनटक्का

आमच्या ठाकुर्लीत पूर्वी कुणी सोनटक्का मुद्दाम लावल्याचं मला आठवत नाही. बैठ्या घरांच्या, चाळींच्या मोरीचं पाणी जिथे बाहेर पडे, तिथे तो असायचाच. कधीकाळी कुणीतरी आल्यासारखा एखादा गड्डा चिखलात खोचलेला. पुढचं पाण्याने बघून घेतलेलं. शेजारी अळू, पलीकडे कर्दळ. रेल्वेच्या बारा बंगल्याकडे झाडांची सावली दाट, तिथला तर पुरुषभर उंच व्हायचा. चोळ्याचं पॉवर हाऊस चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट.

श्रावण सरता सरता पहिली फुलं दिसत आणि नवरात्रापर्यंत पुरत. दुपार कलली की कळ्या फुगत, दिवेलागणीला उमलत. नोकरीवाल्या बायका आदल्या संध्याकाळीच कळ्या तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत आणि सकाळच्या लोकलला एकेक फूल माळून निघत. (ठाकुर्लीला तेव्हाही धिम्याच गाड्या थांबत, आजही धिम्याच.) ऑफिसात दुपारपर्यंत फूल पिवळट पडून मान टाकी. एक दिवसाचंच आयुष्य त्याचं. पण कणसासारख्या तुऱ्यातून रोज नवी कळी डोकावे, त्यामुळे कुणाला हळहळ नसे.

आता नव्वद फुटी रस्त्यावर टॉवर उभे आहेत आणि मोरीचं पाणी पाइपातून गुपचूप गटारात जातं. सोनटक्का नर्सरीत काळ्या पिशवीत विकत मिळतो. भाची तो दोनदा घेऊन आली, दोन्ही वेळा वाळवला. तिने त्याला गुलाबासारखं वागवलं, माती सुकली की पाणी. हे झाड मूळचं पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून चीनपर्यंतच्या दमट पट्ट्यातलं, आल्याच्या कुळातलं. त्याची माती सुकू द्यायचीच नाही.

मी तिला सांगितलं ते असं. मेअखेर, पावसाआधी, दोन-तीन डोळे असलेला गड्ड्याचा तुकडा घ्यायचा. कुंडी खोल नको, रुंद हवी. अर्धा कापलेला ड्रम उत्तम, तळाला भोकं पाडून. निम्मं शेणखत. गड्डा आडवा, वरवर पुरायचा; खोल गेला तर कुजतो. सकाळचं ऊन, दुपारी सावली. एका दांड्याला एकदाच तुरा येतो, म्हणून फुलून झालेला दांडा जमिनीलगत कापायचा, म्हणजे नव्या फुटव्यांना जागा होते. दोन-तीन वर्षांनी गड्डे उपसून वाटून टाकायचे. थंडीनंतर पानं पिवळी पडली तर घाबरून खतं ओतायची नाहीत.

मग ती म्हणाली, "तुमच्यासारखं भांड्यांचं पाणी घालू का?" नको गं बाई! आमच्या मोरीतून जात होती बंबाची राख, तांदळाचं धुवण, फार तर शिकेकाई. राखेतलं पोटॅश फुलाला मानवायचं. आजच्या पावडरींतल्या क्षारांनी कुंडीतली माती महिन्या-दोन महिन्यांत बिघडेल. तांदळाचं धुवण मात्र अजून तेच आहे, ते खुशाल घाल.

हाच सोनटक्का क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे. हवाईत आणि ब्राझीलमध्ये तो ओढ्याकाठी इतका माजला की तिथे त्याला उपटून काढतात. आणि ठाकुर्लीत, जिथे तो फुकट वाढायचा, तिथे आता पैसे मोजून आणलेला गड्डा जगवावा लागतो. पाणी चुकलं की झाड जातं, एवढंच त्यातलं गणित.

भाचीने त्यावर जे काढलं, ते मला सुचलं नसतं. एसीचा ठिबकणारा पाइप तिने थेट ड्रममध्ये सोडला. ऐन उन्हाळ्यात, कोंब फुटायच्या दिवसांत, रात्रभर थेंब थेंब पाणी. साबण नाही, क्षार नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंची टपटपीची तक्रार होती, तीही मिटली. आता त्यांनाच गड्डा हवा आहे. त्यांना म्हटलं, सध्या गणपतीत फुलं न्या, गड्डा मेमध्ये.