प्रवरेच्या काठाने (लेखांक दुसरा)

सोमवार, शेंडी.
गाडी पावणेदोन तास उशिरा. तिकीट १३० रु., चहा दोनदा ४० रु., खोली ६०० रु. डावा बूट टाचेला चावतो. धरण उद्या.

मंगळवार, रतनवाडी.
गाडी पुन्हा उशिरा; टाच तशीच. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा अमृतेश्वराच्या प्राचीन शिवालयापाशी अजून एका ढांगेत ओलांडावी एवढीच आहे. घाटमाथ्याच्या पलीकडे पडलेला थेंब कोकणातून अरबी समुद्र गाठतो आणि अलीकडचा गोदावरीच्या वाटेने थेट बंगालच्या उपसागरात जातो, हे भूगोलाच्या पुस्तकात नीरस वाटलेले वाक्य येथे ओल्या मोज्यांनिशी उभे राहिल्यावर खरे वाटू लागले. जीप ४०० रु.; हे अवाच्या सवा झाले.

बुधवार, रंधा.
सुमारे १७० फुटांवरून काळ्या कातळाच्या घळीत कोसळणारा हा प्रपात सर्वस्वी निसर्गाच्या मालकीचा, अशी माझी समजूत होती; परंतु सन १९२६ मध्ये वर भंडारदऱ्याचे विल्सन धरण पुरे झाल्यापासून, पावसाळा सोडला तर, त्याचे पडणे न पडणे सरकारी हुकुमावर चालते, हे घोरपडादेवीच्या देवळाजवळ चूल मांडून बसलेल्या आजींनी मला समजावले.

“नशीब काढलंत बाबा. परवाच आवर्तन सुटलंय. गेल्या आठवड्यात आला असता तर निस्ता खडक बघून गेला असता.”

त्यांनी तव्यावरून काढून निखाऱ्यावर उभी केलेली नागलीची भाकरी टम्म फुगली, कडेला फुटली आणि त्या फटीतून वाफेची बारीक शीळ निघाली. वर लसणीचा ठेचा. तीन भाकऱ्या खाल्ल्या, हे घरी कळू नये. धबधब्याकडे पाठ करूनच आजी म्हणाल्या, “आवाज उतरला. पाणी कमी केलं.” मला काडीचाही फरक कळला नाही. जेवण ८० रु.; जास्तीचे दहा त्यांनी परत केले.

गुरुवार, संगमनेर.
येथे म्हाळुंगी मिळते. ऊन, गर्दी, धूळ. चप्पल २५० रु.

शुक्रवार, प्रवरासंगम.
पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा इथवर येतो, त्यामुळे प्रवरा कोठे संपली आणि गोदावरी कोठून सुरू झाली हे डोळ्यांना दिसत नाही. नावाड्याने वल्ह्याने एक जागा दाखवली. पाण्यावर साधी रेघही नव्हती. नाव १०० रु.