केसरबाईंची भैरवी कुठवर गेली?

मंडळी, आपले जबल अलीचे बंदर १९७९ साली सुरू झाले. त्याच्या दोन वर्षे आधीच मराठी याहून लांबच्या मुलखाला निघाली होती. १९७७ साली 'नासा'ने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपलाही एक. शिवाय गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी. व्हॉयेजर-१ उडाले ५ सप्टेंबरला. बाई १६ सप्टेंबरला गेल्या. पुढे २०१२ साली ते यान सौरवाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरले. दुसरे २०१८ साली.

आमच्या मुलांचा पहिला प्रश्न : तिथे मराठी कळणार कोणाला? प्रश्न रास्तच. पण हीच मंडळी आजीच्या फोनवर इंग्रजी-हिंदीत सुरू होतात आणि आजीला निम्मे कळत नाही, ते कसे चालते?

वाद न घालता आम्ही तो नमस्कार चारदा लावला. धाकट्याला पाठ झाला. (भैरवी अजून 'स्लो' वाटते, असो.) आता साताऱ्याहून फोन आला, की पृथ्वीवरच्या समस्त लोकांच्या शुभेच्छा आधी आजीला मिळतात.