उभ्या गाडीचा नंदादीप

ज्या वस्तु रोज वापरांत असतात त्यांचीच काळजी घ्यावी लागते. ज्या नुसत्या ठेवलेल्या असतात त्यांना कांहीं लागत नाहीं, असा आपला सर्वसाधारण समज असतो. कपडे आणि पुस्तकें यांच्या बाबतींत कसर व वाळवी हा समज लौकरच दूर करतात. मोटारीच्या बाबतींत मात्र तो फार चिवट असल्याचें आम्हांस आढळून आलें आहे. गाडी चालली तर झिजेल, उभी राहिली तर जशीच्या तशी राहील, असें चांगलीं शिकलीसवरलेलीं माणसेंहि धरून चालतात.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तथापि कित्येक घरांतून ती गाडी अद्याप कापड पांघरून उभी आहे. आमच्या पुण्याच्या घरींहि १९७६ सालची एक प्रीमिअर पद्मिनी आहे. त्या काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यावर मोटार दारीं येई; त्यामुळें वडिलांनीं ती आणली तो दिवस घरांत लग्नकार्यासारखा साजरा झाला होता. वडील गेल्यानंतर तिची सारी व्यवस्था आमच्या काकांकडे आली. काका आज ८४ वर्षांचे आहेत. दर रविवारीं सकाळीं स्नान-पूजा आटोपून ते गॅरेज उघडीत, चोक ओढून गाडी सुरू करीत, दहा मिनिटें तिचा आवाज ऐकत आणि मग समाधानानें चहाला येत. मुलें भोवतीं जमत, आणि त्या दहा मिनिटांत घराण्याचा निम्मा इतिहास सांगून होई.

इतकें करूनहि पांच वर्षांत तीन बॅटऱ्या संपल्या. तिसरी संपली त्या रविवारीं काकांनीं किल्ली फिरविली आणि नुसती ‘टक्’ असा आवाज झाला. त्या दिवशीं जेवणाच्या पानावर धाकट्या बंधूंनीं गाडी विकण्याचा विषय काढला. त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. जागा अडते, खर्च होतो आणि गाडी जात तर कोठेंच नाहीं. काका एक शब्दहि न बोलतां उठले. चौथी बॅटरी घ्यावी, आणि तीहि अशीच गेली तर गाडी काढून टाकावी, असें शेवटीं ठरलें.

आमच्या थोरल्या वहिनी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनीं सांगितलेली उपपत्ति वाचकांच्या उपयोगाची आहे. मोटारींतील बॅटरींत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल असतें. १८५९ मध्यें गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शोधलेली ही रचना मूलतः आजहि तीच आहे. सहा घट मिळून, बॅटरी पूर्ण भरलेली असतां, सुमारें १२.६ ते १२.७ व्होल्ट दाब मिळतो. परंतु बॅटरी कशालाहि न जोडतां ठेवली तरी ती आपोआप रिती होत जाते. आणि उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं रितें होण्याचा वेग सुमारें दुप्पट होतो. मग पुण्याच्या वैशाखांत पत्र्याच्या गॅरेजांत काय होत असेल, हें सांगावयास नको. रित्या बॅटरींतील पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. तो ताजा असेतों विजेनें विरघळतो. आठवडेच्या आठवडे तसाच राहिला कीं त्याचे कठीण स्फटिक होतात आणि मग कितीहि वीज दिली तरी ते पुरते सुटत नाहींत. दाब १२.४ व्होल्टच्या खालीं राहूं लागला म्हणजे हा ऱ्हास सुरू झालाच म्हणून समजावें.

मग दर रविवारच्या दहा मिनिटांनीं ही भरपाई होत नव्हती काय? नव्हती. जुन्या गाडीचा डायनामो मंद गतींत जवळजवळ वीज देतच नाहीं. तांबडा दिवा लुकलुकत राहतो तो हेंच सांगत असतो. उलट, गाडी सुरू करण्याला आणि प्रज्वलनाच्या कॉइलला लागणारी वीज बॅटरींतूनच जाते. शिवाय एंजिन पुरतें तापत नसल्यामुळें ज्वलनांतून झालेलें पाणी धुराच्या नळींत सांचून गंज चढवितें. प्रेमानें केलेली सेवा गाडीला बाधत होती.

यावर उपाय म्हणजे बॅटरीला कायम जोडून ठेवण्याचा मेन्टेनर. जुन्या पद्धतीचा चार्जर बॅटरी भरल्यावरहि वीज ओततच राही. त्यानें पाणी आटे आणि पट्ट्या झिजत. हें नवें यंत्र प्रथम सुमारें १४.४ व्होल्टपर्यंत चढवून बॅटरी भरतें, आणि मग १३.३ च्या आसपास उतरून जेवढी वीज गळते तेवढीच पुरवितें. “देवघरांतल्या नंदादीपाला तूं तेल घालतेस तसेंच हें,” असें वहिनींनीं धाकट्या सुनेला सांगितलें. त्याहून चांगलें वर्णन आम्हांस सुचत नाहीं. विजेचा खर्चहि महिन्याला दोन-तीन युनिटांचाच येतो.

बसवितांना घ्यावयाची दक्षता थोडक्यांत सांगतों. यंत्र आपल्या बॅटरीच्या जातीला योग्य असावें. तें गाडींत न ठेवतां भिंतीवर, अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटजवळ लावावें, आणि त्या जोडणीवर गळती होतांच वीज तोडणारा स्विच असावा. धन टोकाच्या तारेंत बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज घालावा. ऋण तार गाडीच्या सांगाड्याच्या स्वच्छ धातूला जोडावी. उंदीर तारा कुरतडतात, म्हणून त्या नळींतून न्याव्या. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. सबब वर जाळी उघडी हवी आणि जवळ ठिणगी नको. गाडीची किल्ली आम्हीं मुद्दाम त्या प्लगशेजारच्या खुंटीवर टांगली, म्हणजे तार जोडलेली असतां कोणी गाडी बाहेर काढणार नाहीं.

राहिला प्रश्न काकांचा. यंत्राचा हिरवा दिवा लागला तेव्हां ते बराच वेळ त्याकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, “म्हणजे आमची रविवारची चाकरी संपली म्हणावयाची!” ते हंसत होते, पण आम्हां सर्वांस तें हंसणें लागलें. गाडी वाचविण्याच्या नादांत माणसाचा रविवार काढून घेणें आम्हांस परवडणारें नव्हतें.

वहिनी लगेच म्हणाल्या, “काका, संपली कशी? यंत्र दाब राखील. पाणी कोण पाहणार? तुम्हीच.” आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं काका बॅटरींतील पाण्याची पातळी पाहतात, कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटर घालवितात, आणि यंत्र काढून बॅटरी कांहीं तास स्वस्थ राहिल्यावर तिचा दाब मोजून वहींत लिहितात. मग धाकटे बंधु गाडी चालवितात, काका शेजारीं बसतात, आणि खडकवासल्यापर्यंत जाऊन येतात. एवढ्या प्रवासांत एंजिन नीट तापतें व डायनामोहि आपलें काम करतो. उरलेल्या रविवारीं गाडी सुरू होत नाहीं. पण गॅरेज उघडतें, कापड निघतें आणि मुलें जमतातच. इतिहास सांगावयाला एंजिनाची आवश्यकता नव्हती, हें त्यांनींच आम्हांस दाखविलें.

बॅटरीला दोन उन्हाळे झाले. वहींतील शेवटचा आंकडा १२.७ आहे. विक्रीचा विषय बंधूंनीं पुन्हां काढलेला नाहीं. उलट गेल्या महिन्यांत खडकवासल्याऐवजीं पानशेतला जावें काय, असें तेच काकांना विचारीत होते.