लाकडी माशाचा तोल

'गळाला लागणे' आणि 'आमिषाला भुलणे' हे वाक्प्रचार मराठीत इतके रुळले आहेत की त्यांच्यामागे कधीकाळी खरा गळ, खरे आमिष आणि खरा मासा होता, हे आपण विसरूनच गेलो. दोन्हींत बोल लागतो तो भुलणाऱ्याला; भुलवणाऱ्याच्या कसबाची दखल कुणी घेत नाही. अमेरिकेतल्या तळ्याकाठी मात्र गेली शंभरावर वर्षे या कसबाचाच एक संसार मांडलेला आहे. ब्लॅक बास नावाच्या माशासाठी तिथे लाकडाचे मासे कोरतात, रंगवतात, तंगुसाला बांधून पाण्यात फेकतात; त्यांना ल्युअर म्हणतात. बास म्हटल्यावर अलिबागकडच्या वाचकाला जिताडा आठवेल, कारण इंग्रजीत त्यालाही 'सी बास' म्हणतात. पण हा त्याच्या जवळच्या गोतातला नव्हे. हा गोड्या पाण्यातला, हिरवट पाठीचा, मोठ्या जबड्याचा, बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीत दबा धरून बसणारा. लांबवर पाठलाग करण्यापेक्षा जवळून जाणाऱ्यावर झडप घालणे त्याला मानवते. म्हणजे त्याच्या पुढून काय जाते, यापेक्षा ते कसे जाते याला मोल आले. हातचा ल्युअर निवडतानाही माझ्या मते हेच पाहावे: रूप नंतर, चाल आधी. वरवर साधे वाटणारे हे म्हणणे मान्य केले, तर हस्तकलेविषयीच्या आपल्या बऱ्याच लाडक्या समजुती मोडीत निघतात.

चालीची महती सांगायला सगळ्यात चांगला साक्षीदार बासच्या मुलखातला नाही, फिनलंडमधला आहे. लाउरी रापाला हा पोटासाठी मासे धरणारा माणूस. शिकारी मासे लहान माशांच्या अख्ख्या थव्यातून नेमका अडखळत पोहणारा एकच मासा उचलतात, हे त्याने हेरले. १९३६ साली त्याने बुचातून चाकूने एक मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. शोभेच्या कपाटात कुणी ठेवावी अशी ती वस्तू नव्हती. पण ओढली की ती दुखावलेल्या माशासारखी डुलत यायची. १९६२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकात या ल्युअरवर लेख आला, तो नेमका मॅरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरच्या अंकात. तो अंक हातोहात खपला आणि फिनलंडचा हा मासा अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचला. नशीब म्हणावे तर म्हणावे. मात्र नशिबाने साप्ताहिक खपते, मासा डुलत नाही.

डुलणे घडते कसे, ते पाहू. ल्युअरच्या तोंडाला एक पातळ ओठ बसवलेला असतो, बहुधा पॉलीकार्बोनेटचा किंवा सर्किट बोर्डासाठी वापरतात तसल्या काचतंतूंच्या पत्र्याचा. ओढताना पाणी ओठावर आदळते, नाक खाली दबते आणि दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. प्रत्येक भोवरा अंगाला एका बाजूला लोटतो; पाठीचे हलके लाकूड आणि पोटातले शिसे त्याला परत सरळ करतात. लोटणे आणि सावरणे यांची ही जुगलबंदी म्हणजे चाल. शिसे जास्त झाले की मासा सुस्तावतो, कमी पडले की उताणा होतो. त्यात लाकूड बाल्साचे. सागाचे वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, तर बाल्साचे साधारण १६०. म्हणून तो पाण्यात इतका चपळ. पण हा १६०चा आकडा सरासरीचा. एकाच जातीच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीतिपटीचा फरक सहज निघतो. तेव्हा एकाच साच्यावर आखून कापलेले दहा तुकडे दहा स्वभावांचे असतात, आणि जाणता कारागीर प्रत्येकाला तेवढेच शिसे घालत नाही. तो तुकडा हातात तोलतो, खाच थोडी खोल घेतो, मग हौदात सोडून बघतो. शेवटी नाकापुढची तारेची कडी, जिथे तंगूस बांधायचा, ती पकडीने केसभर वाकवतो: मासा ज्या बाजूला पळत असेल, त्याच्या उलट.

म्हणूनच हातच्या वस्तूचे एक नेहमीचे कौतुक मला पटत नाही. हातचे म्हणून थोडे वेडेवाकडे आणि वेडेवाकडे म्हणून जिवंत, असे ते कौतुक. मातीच्या मडक्याला ते कदाचित शोभेल. ल्युअरमध्ये मात्र वेडेवाकडेपणा लाकूड स्वतःच घेऊन आलेले असते. हाताचे काम तो ओळखून त्याची भरपाई करणे हे आहे. यंत्र दहाही तुकड्यांना समान वागवते, हात त्यांना समान वागायला लावतो. पहिल्या न्यायाने दहा वेगळे मासे निपजतात, दुसऱ्याने दहा सारखे. हस्तकला म्हणजे अनियमितता, हे समीकरण इथे पुरते उलटे होते.

रंगाचा मोह मात्र सुटत नाही. काही कारागीर एअरब्रशने कल्ल्यांवर अशी लाली उतरवतात, खवल्यांची अशी जाळी टाकतात, की बघतच राहावे. सावंतवाडीचा लाकडी आंबा माणसाच्या डोळ्याला चकवण्यासाठी रंगवतात. तिथे रंग हेच कसब. इथे गिऱ्हाइके दोन: पैसे मोजणारे काठावर, घास घेणारे पाण्यात. दोघांचे डोळे सारखे नाहीत. इलिनॉयमधल्या संशोधकांनी बासची दृष्टी तपासली, तेव्हा त्याला लाल आणि हिरवा नीट ओळखता येतो असे दिसले. झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा, किंवा निळा आणि काळा, यांत मात्र त्याची गल्लत होते. गढूळ पाण्यात तर डोळ्यांचे फारसे चालतच नाही. तिथे उपयोगी पडते अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेली पार्श्वरेषा, जी पाण्याच्या दाबातली बारीक थरथर टिपते. याचा अर्थ रंग फुकट असा नव्हे; पाठ गडद, पोट फिके हा भेद पाण्यात कामाचा आहे. पण तेरावी छटा कुणासाठी, हा प्रश्न विचारायला हवा. शिवाय नितळ काचेसारखे दिसावे म्हणून चढवलेला इपॉक्सीचा जादा थर वजन वाढवतो, आणि दोन इंची बाल्साच्या माशाला तेवढे वजन जड होते. सुंदर दिसण्यापायी मेलेली चाल, हा हातच्या ल्युअरचा खास रोग आहे, आणि त्याला भरीस घालणारे आपण विकत घेणारेच.

आता खरा आक्षेप. प्लास्टिकचा ल्युअर निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, खडकावर आपटून फुटत नाही आणि मासेही धरतो. मग हातच्याचा हट्ट म्हणजे निव्वळ शौक नाही का? या आक्षेपाला टेनेसीच्या फ्रेड यंगची गोष्ट दोन्ही बाजूंनी उत्तर देते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो बाल्साचे गुबगुबीत पोटाचे ल्युअर कोरी. आपल्या धिप्पाड भावाच्या, ओडिसच्या, नावावरून त्याने त्यांना 'बिग ओ' म्हटले. एका माणसाच्या हातून निघून निघून किती निघणार? स्पर्धेत उतरणारे लोक ते एकमेकांकडून दिवसाच्या भाड्याने घेत, असे सांगतात. पुढे ल्युअरचा कारखानदार कॉटन कॉर्डेल याने हक्क घेऊन तोच आकार प्लास्टिकमध्ये आणला आणि तो अफाट खपला. म्हणजे प्लास्टिक जिंकले? जिंकले, पण ते जिंकले एका चाकूने शोधलेल्या आकारावर. साचा पाडणे महागाचे काम, म्हणून साचा चुकांना घाबरतो. चाकूला ती भीती नाही: आज पोट फुगवले, उद्या ओठ आडवा केला, परवा सगळेच चुलीत टाकले. 'पण एकदा आकार सापडल्यावर हाताची गरज काय?' असे कुणी म्हणेल. तर प्लास्टिकचा मासा पोकळ असतो. त्याचे वजन कवचात आणि हवा मधोमध. बाल्सा सबंध भरलेला आणि तरीही हलका. आकार तोच राहिला तरी तोल बदलतो, आणि तोल बदलला की चाल. थंड पाण्यात, मासे मरगळलेले असताना, बाल्साची हलकीशी थरथर मोलाची असते असे या खेळातले जाणते मानतात. खडकाळ तळाशी ठोकत न्यायचे असेल तर मात्र खुशाल प्लास्टिक घ्यावे. तिथे बाल्सा बांधणे म्हणजे पैठणी नेसून चिखल तुडवणे.

चालीचीच एक आणखी खोड आहे, जिच्यावर दर्दी लोक जीव टाकतात. काही ल्युअर सरळ डुलत येता येता मध्येच बाजूला झेप घेतात आणि कुणी न सावरता परत वाटेवर येतात. इंग्रजीत या चालीला 'हंटिंग' म्हणतात. तोल पूर्ण स्थिर असेल तर ही झेप येत नाही. फारच ढळला तर मासा वर्तुळे घेत पृष्ठभागावर उताणा येतो. त्या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत तोल नेऊन ठेवणे आणि तिथे तो टिकवणे, हे साच्याला अशक्य नाही, पण सहजासहजी साधत नाही. भटकलेला मासा परत येतो, हे इथले मर्म आहे. नुसता भटकणारा कुणालाही करता येतो.

विक्रमांची यादी पाहिली तर हातच्या ल्युअरची बाजू लंगडी दिसते, हे कबूल केले पाहिजे. जॉर्ज पेरीने २ जून १९३२ रोजी जॉर्जियात धरलेला बास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वर. तो क्रीक चब या कंपनीच्या, कारखान्यातल्या लाकडी ल्युअरला लागला आणि मग पेरीच्या घरच्यांच्या पोटात गेला. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावे लागले. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने जवळपास तेवढाच मासा धरला, तोही जिवंत ब्लूगिल माशाच्या आमिषावर. पण एक मोठा मासा हा फारसा पुरावा नसतो. जास्त बोलका पुरावा माशांच्या आठवणीचा आहे. १९७० साली एका डच संशोधकाच्या प्रयोगात असे दिसले की चमकत्या फिरकीला एकदा सापडलेला पाइक मासा पुन्हा तिच्या वाटेला सहसा जात नाही, जिवंत आमिषाला मात्र पुन्हा फसतो. पाइक म्हणजे बास नव्हे, हे खरे. पण १९७२पासून रे स्कॉटच्या बास स्पर्धांनी धरलेला मासा जिवंत सोडण्याची प्रथा रुजवली. तेव्हापासून अमेरिकेतल्या गजबजलेल्या तळ्यांत पोहणारे कितीतरी मासे एकदोनदा फसून सुटलेले आहेत. लाखांनी खपणारी एकच चाल ज्यांना पाठ झाली, त्यांच्यापुढे थोडी निराळी चाल नेणाऱ्याला काही तरी आशा आहे. (फसून सुटलेल्या माशाला या सगळ्याचे काय वाटत असेल, हा प्रश्न मी टाळतो आहे असे नाही. ओठात आकडा रुतणे सुखाचे नसणार. बिनकाट्याचे आकडे वापरावेत, इतके तरी करता येते.)

उरतात संग्राहक. १८५९ सालच्या पेटंटचा हॅस्केल मिनो हा तांब्याचा मासा. त्याचा एक मोठा नमुना २००३ साली लिलावात १,०१,२०० डॉलरला गेला. अशा बाजारात दातांचा ओरखडा उमटला की किंमत उतरते आणि न उघडलेल्या डब्याला मान मिळतो. त्या किमतीला माझी हरकत नाही. तो इतिहासाचा व्यवहार आहे. पण आज एखाद्या कारागिराकडून नवा ल्युअर घेताना तेच डोळे वापरले, तर आपण रंगच विकत घेऊ. त्यापेक्षा तो उलटा करून पोटातली शिशाची बुजवलेली खाच बोटाने चाचपावी, ओठ मध्यरेषेवर बसला आहे का ते समोरून डोळा लावून पाहावे. आणि मग नाकापुढची कडी उजेडाकडे धरावी. ती अगदी सरळ आणि कोरी असेल, तर मासा पहिल्याच फेरीत सरळ पोहला असेल, किंवा पाण्यात गेलाच नसेल; कारागिराला विचारावे. एका बाजूला केसभर झुकलेली आणि तारेवर पकडीच्या दातांची बारीक खूण असलेली कडी दिसली, तर विचारायचीही गरज नाही.