तटाच्या पोटातली खापरे

रायपूरच्या परिसरात, खारून आणि महानदीच्या खोऱ्यांत, मातीचा तट आणि त्याबाहेरचा खंदक असलेली जी जुनी वसतिस्थाने आढळतात, त्यांच्या उत्खनकाला एकच प्रश्न शेवटपर्यंत छळतो: तट घातला केव्हा? खंदकाची माती उपसून तट रचताना आधीच्या वस्तीची खापरेही त्यात जातात. त्यामुळे तटातले खापर तट आपल्याहून जुना नाही एवढेच सांगते, किती नंतरचा ते सांगत नाही. ब्रिटनमध्ये इ.स. 122 च्या सुमारास सुरू झालेल्या हेड्रियनच्या भिंतीवर रोमन पलटणींनी आपली नावे दगडांत कोरली, म्हणून त्या सीमेलगतच्या शेतवस्त्यांच्या अभ्यासकाला कालगणनेसाठी खुंटा मिळतो. छत्तीसगडातल्या मल्हार या जुन्या वसतिस्थानाच्या मातीच्या तटाने अशी सोय ठेवलेली नाही.

उरतो तो छेद, म्हणजे तट आडवा कापल्यावर उघडी पडणारी उभी बाजू. तीत पिवळसर मटासी, काळी कन्हार आणि त्या दोहोंमधली डोरसा या मातींच्या टोपल्या कोणत्या उतारावर ओतल्या गेल्या हे ओळखण्याची नजर हाच जुन्या उत्खनकांचा अहंकार असतो, आणि वयाबरोबर मटासी व डोरसा यांतला फरक डोळ्यांना दिसेनासा झाला तरी तो सहजी उतरत नाही. वाळूच्या कणांनी सूर्यप्रकाश शेवटचा कधी पाहिला हे मोजणारी नवी पद्धत विद्यार्थ्यांना निर्णायक वाटते. परंतु टोपलीतून पडलेल्या ढेकळाच्या आतल्या कणांना बांधकामाच्या दिवशी ऊन लागलेलेच नसते, म्हणजे जुन्या खापराचीच अडचण प्रयोगशाळेतून परत येते.

मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी 1953 ते 1956 या काळात सिरपूर खणले, तेव्हापासून या प्रदेशातल्या उत्खनकांचे लक्ष तटांपेक्षा विहारांकडे आणि मूर्तींकडे राहिले. महाराष्ट्रातल्या इनामगावात 1968 ते 1983 या वर्षांत घराघरांतून शेतकऱ्यांचे जगणे शोधले गेले, तसा चिवटपणा इथे क्वचितच दिसला. खणणे संपण्याआधी नगराचे वय जाहीर करण्याची हल्लीची घाई तर तटाच्या अभ्यासाला मारकच ठरते.

तटाचे वय ठरवायला त्यातल्या त्यात भरवशाची जागा म्हणजे तटाखाली दबलेली मूळ जमीन, कारण तिच्या वरच्या पातळ थराला तट पडेपर्यंत ऊन मिळत होते. मात्र तेथे पोहोचण्यासाठी तट तळापर्यंत कापावा लागतो, आणि नमुन्याच्या नळ्या ठोकण्यापूर्वी छेद पुन्हा तासून वाचावा की नाही यावरून गुरुशिष्यांत वाद होतो, ज्यात गुरूचा आग्रह निम्मा शास्त्रासाठी आणि निम्मा आपल्या नजरेच्या मानासाठी असतो.